आढ्याची दोरी

ॲटिकोकनला ओर्वोच्या दुकानात
दोन खांबांना बांधलेली झोळी,
आणि ओर्वोच्या हातात झाडांना पाणी घालायची झारी.
"आधी निजा," तो म्हणतो, "मग भाव विचारा."

एल्डन बुटांसकट आडवा झाला.
गेल्या उन्हाळ्यातली ताडपत्री घरून आणली होती,
ती ओर्वोनं त्याच्यावर धरली:
डोक्याकडे पुरली,
पायांकडे वीतभर छत उघडं.
"ताडपत्री आटत नाही," ओर्वो म्हणाला,
"पोरं वाढतात."
मी त्याची आत्या.
मला हे दुकानात कळावं.

मग पिशव्यांतून एकेक निघाली.
पतंगासारखी, कोपऱ्याकोपऱ्यावर ताणायची.
सहाकोनी, कडा आत वळलेल्या.
एक ऐसपैस, दोन्ही टोकांना दारं,
मिटून घेतली की घरच.
आणि एक इतकी पातळ
की ओर्वोच्या फुंकरीनं टेबलावरून घसरली;
तिची किंमत ऐकल्यावर
आम्ही दोघं मुकाट्यानं तिची घडी घालायला लागलो.

"नायलॉन भिजलं की सैलावतं," ओर्वो सांगत होता,
"रात्री उठून ताण द्यावा लागतो.
झोळीपेक्षा आढं लांब हवं,
दोन्हीकडे हात-हात तरी."
झारी कलती झाली. पाणी पाख्यावरून
वळचणीला आलं, पागोळ्या झाल्या.
"हा पाऊस साधा. दुसरा दोरीवरून चालत येतो,
आवाज न करता, थेट पाठीखाली.
त्याच्या वाटेत काहीतरी लोंबतं बांधायचं."
एल्डन तेव्हा फोन बघत होता.

त्याला पतंग हवा होता.
निजल्यानिजल्या तळं दिसतं म्हणे. आणि तीनशे ग्रॅमचा फरक.
मला दारं हवी होती.
मी वाऱ्याबद्दल बोलले, आडव्या पावसाबद्दल बोलले,
जूनमध्ये दात वाजतात त्याबद्दल.
त्याच्या बापाबद्दल बोलले नाही:
माझा भाऊ अजून निळं प्लॅस्टिक बांधतो
आणि कोरडा उठतो.
रंगावरून निराळं भांडण.
मी म्हटलं नारिंगी, विमानातून दिसेल.
तो म्हणाला, "दिसायचंय कुणाला?"

आमच्याकडे रीत आहे:
दोन तळ्यांमधली वाट
जो कनू डोक्यावर घेऊन चालतो,
ओझं त्यानं ठरवायचं.
इतकी वर्षं मी ठरवलं.
पैसे मोजले. पतंग. शेवाळाच्या रंगाचा.

तिसरी रात्र. तळ्याचं नाव नकाशावर नाही,
नुसता आकडा आहे.
तीनच्या सुमाराला वारा फिरला,
पाइनच्या शेंड्यांत आधी,
मग पाण्यावर, मग आमच्यावर.
माझ्या दारांच्या आत मी कोरडी,
कान तेवढे बाहेर.
त्याची ताडपत्री फडफडली. टॉर्च लागला.
खुंटी उपटल्याचा आवाज,
एक शिवी, बापाचीच,
मग दगडानं खुंटी ठोकणं, चार घाव, पाचवा बोटावर.
हाक येईल म्हणून
मी एक पाय झोळीबाहेर काढून ठेवला होता.
तो गार पडला, आत घेतला.
फडफड थांबली.
पुढे नुसता पाऊस, आणि लून पक्षी एकदाच,
तोही दूरवर.

सकाळी त्याचं वाऱ्याकडचं पाखं
जमिनीला टेकत आलेलं.
तळं दिसत नव्हतं त्या बाजूनं.
मी काही बोलले नाही, चहा ठेवला.
झोळीच्या डोक्याकडच्या पट्ट्याला
बुटाची लाल नाडी बांधलेली,
तिच्या टोकावरून थेंब
पडत होता, थांबत होता, पडत होता.
दुसरी नाडी पायांकडे.

"झोप लागली?" मी विचारलं.
"ठीक. डाव्या खुंटीला दगड लागतो," तो म्हणाला,
आणि मोजे पिळले.

पुढच्या वाटेवर कनू त्याच्या डोक्यावर,
मी मागे पिशव्या घेऊन.
नाड्या तो विसरला होता,
माझ्या खिशात ओल्याच होत्या.
चिखलात त्याचा बूट दर पावलाला
टाचेतून निसटत होता,
चपक, चपक,
आणि कनूच्या खालून, घुमल्यासारखा,
त्याचा आवाज:
"आत्या, अजून किती लांब आहे?"