खलाशी पाहिजे

टपरीच्या फळीवर खडूनं लिहिलं होतं:
लाँचवर खलाशी पाहिजे. पोहता यावं.

मला येत नव्हतं.
सोलापुरात बावीस वर्षं माग चालवला,
पाणी बघितलं ते चार दिवसांआड, नळाला.

दगडू नगरेनं वर बघितलं नाही,
इंजिनात हात कोपरापर्यंत.
"नाव?"
"अंबादास चिलवेरी."
"पवतोस का?"
"शिकेन."
हसला नाही. दोराचं टोक फेकलं माझ्याकडं.
"बांध."

मला एकच गाठ येते.
तुटलेल्या धाग्याची, मुकादम वळायच्या आत
अंगठा आणि तर्जनीत मारायची.
तीच मारली मनगटाएवढ्या दोराला, दोन्ही हातांनी.
उजनीवरनं वारा आला, लाँच ओढत राहिली,
गाठ आवळत गेली.

"उद्या सहाला ये."
पगाराचं त्यानं काढलं नाही, मीही नाही.

आता सात मोटारसायकली दाटीनं लावतो.
शेळ्या, ऊसतोड टोळीची भांडी,
एकदा एक नवरी, चपला हातात घेऊन.
इंजिन लागलं की सगळे ओरडून बोलतात.
मला मात्र मागांनंतर
हे जवळजवळ शांतच वाटतं.

परवा, पाणी उतरलेलं,
मधेच बांबू कशाला तरी टेकला.
जोर लावणार, तेवढ्यात दगडू पहिल्यांदा ओरडला,
"हळू रं!"
मग इंजिनाकडं बघत,
"तितं आमची चूल हाय."

मी बांबू वर घेतला.
लाँच जरा तिरकी वाहवली.
पैलतीरावर माणसं हात हलवत होती,
उशीर झाला म्हणून.