जाळं उसवताना

सकाळी सहाला पाणी अठ्ठावीस.
दोरीला बांधलेला थर्मामीटर मी दोनदा झटकला,
जसा पोराच्या काखेतला झटकायचे.
सात मीटर खालीही तेवढंच.
म्हणजे त्यांना खाली जाऊन लपायचीही सोय नाही.

टोंग्याँगच्या ह्या बेटामागे माझे अकरा पिंजरे.
नवरा गेला तेव्हा चौदा होते.
तीन मागच्या ऑगस्टने नेले :
एका रात्रीत पाण्यावर पांढरी पोटं,
लग्नघरात वाट्या धुऊन उपड्या घालाव्यात तशी.
आम्ही ती पोत्यांत भरली,
तालुक्याची माणसं नाकाला रुमाल लावून मोजत राहिली.
विम्यात उष्णतेचं कलम वेगळं,
त्याचा हप्ता वेगळा,
आणि तो भरायचा माझ्याकडून राहिलेला.

ह्या वर्षी काहीच राहू दिलं नाही.
वर काळं कापड ताणलं,
प्राणवायूच्या नळ्या सोडल्या,
बारा दिवस दाणा बंद ठेवला,
कारण उकाड्यात भरल्या पोटाचा मासा आधी मरतो.
बारा दिवस ते माझ्या पावलांच्या आवाजाला वर येत होते
आणि मी फळ्यांवरून चालत होते
चपला हातात घेऊन,
स्वतःच्याच घरात चोरी करायला निघाल्यासारखी.

चोसॉ येऊन गेला, उकाडा मोडायचा दिवस.
आई म्हणायची, चोसॉ आला की डासाचं तोंड वाकडं होतं.
काल रात्री डास सरळ तोंडाने चावत होते.

मग मत्स्यखात्याचा पोरगा आला, ग्युन्बे,
लाइफजॅकेटला अजून दुकानाची चिठ्ठी.
म्हणाला, मरायच्या आधी सोडून द्या, आजी.
तपासणी झालीय, रोग नाही.
बोटुकल्यांचे पैसे सरकार देईल.
पुढच्या वर्षी हेकरू पाळा,
दक्षिणेकडचा आहे, त्याला ऊन मानवतं.
मी विचारलं, आणि त्याच्या पुढच्या वर्षी?
तो फॉर्म भरत राहिला.
मासा : उरॉक. संख्या : एक्केचाळीस हजार.
मालकाचं नाव : प्यॉन माल्सुन.
(बापाने ठेवलेलं. मुली आता पुरे, असा त्याचा अर्थ.
त्यानंतर मला दोन बहिणी झाल्या.)

तीस वर्षं ह्या हातांनी जाळ्याची भोकं बुजवली.
एक टाका सुटला तरी झोप यायची नाही.
आज पहिल्यांदा भोक पाडायचं, तर सुरी कुठे लावू कळेना.
नवऱ्याच्या गाठी मला ओळखता येतात,
तो डावखुरा, त्याचा पीळ उलटा.
त्या सोडून बाकीच्या कापल्या.

उरॉक अंडी घालत नाही. जिवंत पिल्लं घालते,
डोळे उघडे असलेली.
ह्यांतली अर्धी तरी ह्याच पिंजऱ्यांत जन्मली,
ह्यांच्या आयांना मी बादलीतून आणलं होतं
गाडीत मांडीवर धरून, वळणावर पाणी सांडू नये म्हणून.

जाळं खाली गळालं.
वाटलं, आता धूम ठोकतील.
ग्युन्बेने फोन वर धरला, कार्यालयात फोटो पाठवायचा होता.
एक मासा भोकापर्यंत आला,
थांबला,
परत आत गेला.

माशाला पोहायला शिकवावं लागत नाही, म्हणतात.
खरंय. पण निघून जायला?

दुपारची भरती आली, ग्युन्बे गेला.
पाच वाजता तराफ्यावर गेले, काम काहीच नव्हतं.
खाली फळ्यांच्या सावलीत
ते सगळे काळे, तोंडं एकाच दिशेला.
कागदावर आता समुद्राचे.

पलीकडे खोल पाणी आहे, म्हटलं, थंड असेल.
असेलच, मला तरी काय ठाऊक.
हात हलवले. बादली आपटली.
शेवटी, ह्या बारा दिवसांत पहिल्यांदाच,
चपला घालून जोरजोरात पाय आपटले,
जा म्हणून.

चारही बाजूंनी ते वर आले.