पहिली लेंडी

घरमालकाचा माणूस म्हणाला, कुलूप बदलायचंय,
जे जिवंत असेल ते आत्ताच उचला.
भाडेकरू महिन्यापूर्वीच पळालेला.
बाल्कनीत संत्र्यांच्या खोक्यात ही,
बाल्टिकच्या वाऱ्यानं कानांच्या कडा काळ्या पडलेल्या,
आणि पोट असं की मला वाटलं, जंत असतील.

जंत नव्हते.
तिसऱ्या रात्री बाथरूमच्या कोपऱ्यात
ती स्वतःच्या छातीचे केस उपटायला लागली,
मूठमूठ. रागानं नव्हे.
पाहुणे दारात आलेत
आणि गाद्या अजून घातल्या नाहीत, तशी.

चार पिल्लं आली. पाचवं येईना.
आडवं आहे, डॉक्टर व्हायोलेट्टा म्हणाली,
ग्दिन्याच्या बंदरामागच्या दवाखान्यात, पहाटे दोनला.
इंजेक्शन दिलं. वाट पाहिली. पुन्हा दिलं.
शेवटी जे बाहेर आलं ते तिनं गॉझमध्ये गुंडाळलं
आणि मला न दाखवता विचारलं,
कागदावर नाव काय लिहू?
मला नाव सुचेना.
गाडी चालवत आलेला शेजारी झेनोन म्हणाला, श्रुबा.
म्हणजे स्क्रू.
चाळीस वर्षं गोदीत क्रेन चालवलेल्या माणसाला
दुसरं काय सुचणार.

घरी आणली तर ती काही खाईना.
आतडं थांबलं की ससा संपला,
हे डॉक्टरनं साखर न लावता सांगितलं होतं.
दर तीन तासांनी गवताच्या भुकटीची पेज,
सिरिंजनं, दातांमागच्या फटीतून,
गिळेपर्यंत थांबायचं, मग पुढचा थेंब.
पोट हलक्या हातानं चोळायचं.
आणि लेंडीची वाट पाहायची.
वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी
मी टॉर्च घेऊन टॉवेलवर लेंडी शोधत होते.

पिल्लं बोटाएवढी, बिनकेसांची, डोळे मिटलेले.
ती दिवसभर त्यांच्याकडे पाठ करून बसायची.
कसली आई, मी म्हणाले, मोठ्यानं.
डॉक्टर फोनवर हसली.
सशीण दिवसातून एकदा पाजते, पाचेक मिनिटं,
मग मुद्दाम लांब बसते,
वासावरून कोल्हा यायला नको म्हणून.
आमच्या बाथरूममध्ये कोल्हा नव्हता.
पण तिला ते कोण सांगणार.

रात्रीच्या पाळ्या वाटून घेतल्या.
दोन ते पाच झेनोनची.
जिन्यात आवाज नको म्हणून
तो चपला हातात घेऊन वर यायचा.

एका रात्री मला झोप नव्हती, मीही बसले.
सिरिंज धरून, माझ्याकडे न बघता तो म्हणाला:
एक्याऐंशीच्या डिसेंबरात टेलिफोन तोडलेले होते.
हालिनाच्या कळा दीड दिवस.
मी खाली बर्फात उभा, कुणीतरी गाडी थांबवेल म्हणून.
ती वाचली. तीच तेवढी.
घरी आणली तर तिनं भिंतीकडे तोंड केलं,
आणि मला कळेना, आता काय करायचं असतं.
कुणी सांगितलं नाही.
मी कामावर गेलो.

एवढंच.
मग म्हणाला, पेज घट्ट झालीय, पाणी घाल.
मी पाणी घातलं.

पाचच्या सुमारास एक लेंडी.
वाटाण्याहून लहान, वेडीवाकडी, केस गुंतलेली.
झेनोननं ती तळहातावर घेतली,
दिव्याखाली फिरवून फिरवून पाहिली,
बेअरिंगमधली गोळी तपासावी तशी,
आणि खिशातला रुमाल काढून
बराच वेळ चष्मा पुसत राहिला.

दुसऱ्या दिवशी धाकटं पिल्लू गेलं.
त्याचं पोट आदल्या रात्री सपाटच होतं,
मी पाहिलं होतं, आणि उद्या बघू म्हणाले होते.

उरलेल्या तिघांना आता केस आलेत, करडे.
श्रुबानं काल माझ्या हातातून शेपूची काडी ओढली
आणि लाथ मारून वाटी उलटी केली.

रात्री दोनला दार वाजलं.
पाळ्या संपल्या आता, मी म्हणाले.
माहितीये, झेनोन म्हणाला,
आणि चपला हातात घेऊनच आत आला.