अक्षरामागे तीस कोपेक

पत्र आलं, दरवर्षीसारखं:
चांदी पंच्याऐंशी ग्रॅम, एका अंगाला कवीचा चेहरा,
दुसऱ्या अंगाला विजेत्याचं नाव आणि मानपत्रातली ओळ.
खाली समितीची नम्र विनंती,
यंदा नाक सरळ असावं.
परदेशी परीक्षक विचारतात म्हणे,
ही कारागिराची चूक आहे का?

मी अर्ताशेस. ग्युमरीत, चौकाच्या मागच्या गल्लीत
पंचेचाळीस वर्षं दुसऱ्यांची नावं कोरतोय.
नोराइर झामकोचयानचं नाक
माझ्याइतकं जवळून कुणी पाहिलेलं नाही.
नाकासमोर चालणारा माणूस नव्हता तो.
चालला असता तर दर वेळी
डावीकडच्या दारूच्या दुकानात शिरला असता.
तसा शिरायचाच.

पुरस्काराच्या पुस्तिकेत छापलंय:
चौकशीच्या कोठडीत मोडलं.
मोडलं ते माझ्या उंबऱ्यासमोर, बर्फावर,
कुत्र्यामागे धावताना.
रक्त मीच पुसलं, हाताशी होतं त्या पॉलिशच्या फडक्यानं.
आठवडाभर नाक चमकत होतं.

त्याच कुत्र्याचा बिल्ला करायला आला होता पहिल्यांदा.
तेव्हा या गावाचं नावही वेगळं होतं.
भाव विचारला. अक्षरामागे तीस कोपेक.
कुत्र्याचं नाव अर्कायाझ्न, म्हणजे राजपुत्र,
आमच्या लिपीत आठ अक्षरं, दोन रूबल चाळीस.
त्यानं खिसे चाचपले.
टेबलावरच्या चांदीच्या भुशात
बोटानं नाव लिहिलं, बघत बसला,
माझा चहा गार होईपर्यंत,
आणि मागची चार अक्षरं तळव्यानं पुसली.
उरलं अर्का.
राजा.
म्हणाला, बघ, निम्म्या पैशात बढती.

तेही उधार ठेवले.
वहीत आहेत अजून, एक रूबल वीस,
ज्या देशाला मागायचे तो देशच बुडाला.

मग वीज नसलेले ते हिवाळे.
न खपलेल्या प्रती हातगाडीवर घालून आणल्या त्यानं,
निम्म्या माझ्या शेगडीला दिल्या.
कागद स्वस्तातला आहे, म्हणाला, छान पेटतो.
तसा तो पेटलाही.
परवा त्यातली एक प्रत कुठल्याशा लिलावात
माझ्या दुकानाच्या वर्षभराच्या भाड्याला गेली.
मी हात शेकले होते तेव्हा, त्याचा हिशोब कुठे मांडू?

आता सात देशांचे परीक्षक येतात.
हॉटेलात रोषणाई, भाषणात 'वारसा' हा शब्द,
गेल्या वर्षी एकोणीस वेळा, मी मोजला,
मोजायची सवय हो, धंद्याची.
यंदाच्या मानपत्राची ओळ त्रेचाळीस शब्दांची.
मावत नाही म्हटलं,
तर सचिवबाई म्हणाल्या, बारीक अक्षरात घ्या.

काल विजेती स्वतःच आली दुकानात,
मादागास्करची, दोन स्वेटर, एकावर एक,
सोबत दुभाषी पोरगी, नाक पुसत.
कागदावर नाव: वुआहिराना रांद्रियानासुलु.
रोमन लिपीत बावीस अक्षरं.
मेणाच्या साच्यातलं वाकडं नाक बघून तिनं काही विचारलं.
मी कोठडीचं सांगणार होतो,
सांगितलं कुत्र्याचं.
पोरगीचं बोलणं संपल्यावर, जरा उशिरा, ती हसली,
मग गप्प झाली
आणि स्वतःच्या नावावर अंगठा ठेवला,
पुढची तीनच अक्षरं उघडी राहतील असा.
वुआ.
दुभाषी म्हणाली, अख्खं नाव म्हणजे पाणकमळ.
आणि एवढंच?
एवढंच म्हणजे बी.

तेवढंच कोरलं. पैसे घेतले नाहीत,
म्हणजे समितीकडून घेईन, बावीस अक्षरांचे.

रात्र झाली. मेण अजून मऊ आहे.
त्याच्या नाकावर माझा अंगठा आहे,
जरासा दाबला की सरळ होईल.
बाहेर कुणाचंतरी कुत्रं
बंद दुकानाच्या दारावर पंजा घासतंय.