तुडूम

मच्छीमार संस्थेचा कम्प्युटर
खताच्या गोदामामागच्या खोलीत,
वर नायलॉनचं रीळ, जाळं विणायची सुई.
दुलीचंद मारबते, तीन महिन्यांपासून सचिव,
म्हणाले, "येते. जात नाई."
काय?
"मेल, बाई. साऱ्या जगाची येते. आमची जात नाई."

मी अर्जुनीहून आले होते झेरॉक्सचं दुकान ओढून,
दीडशे रुपये अन् एक शिंगूर ठरला होता.

सेटिंग उघडलं.
येणारा सर्व्हर: नाव बरोबर,
पोर्ट नऊशे त्र्याण्णव, कुलूप लागलेलं.
त्यातून सगळं येत होतं,
परिपत्रक, स्मरणपत्र, ठेक्याची रक्कम भरणेबाबत,
गुडघेदुखीचं तेल.

जाणाऱ्याचा खाना
कोणीतरी पंचवीस नंबरवर सोडून दिलेला.
हे दार कधीच बुजवलं त्यांनी, मी म्हटलं,
आता पाचशे सत्त्याऐंशी.
त्यांनी वहीत लिहून घेतलं,
रोहूच्या वजनाच्या रकान्यात.

समजवावं म्हणून खिडकीतून बोट दाखवलं:
पाणी नाल्यानं तलावात येतं, तसं हे,
आणि तिकडे पाळीतलं तुडूम...
ते हसले.
"तुडूमचं मले नोको सांगू, बाई.
त्याची डाट दोन वर्सं गाळात फसून होती.
मीच बुडी मारून काहाडली."

मग मी गप्प बसले आणि खाली उतरत गेले.
सगळ्यात तळाशी एक चौकोन, रिकामा:
जाणाऱ्या सर्व्हरला ओळख द्यावी लागते.

म्हणजे?
म्हणजे, भाऊ, कोणाला तुम्हाला लिहायचं तर
तुमचा पत्ता पुरतो.
तुम्हाला काही सांगायचं असेल तर
आधी पुन्हा एकदा नाव, पुन्हा पासवर्ड.
"ते तं हरेक दारात लागते आमाले,"
काट्यावरचा आकडा वाचावा तसं म्हणाले.

पासवर्ड आधीच्या सचिवांचा, गोपीनाथ वाघाडेंचा,
कॅलेंडरमागे भिंतीवर पेन्सिलनं:
बायकोचं नाव, पुढे बीज सोडल्याची तारीख.

चौकोनात खूण केली.

आणि आउटबॉक्स हलला.
एक नाही,
एकोणीस.

गाळ काढणेबाबत.
बेशरमची झुडपे उपटणेबाबत.
तुडूम दुरुस्तीबाबत.
तुडूम दुरुस्तीबाबत, स्मरणपत्र एक.
दिनांक बाराच्या सभेस साहेबांनी उपस्थित राहणेबाबत,
ती बारा तारीख परवाच्या वर्षीची.
गाळ काढणेबाबत, पुन्हा.
शेवटच्याला विषय नव्हता. दोनच ओळी:
आपल्याकडून एकाही पत्रास उत्तर नाही.
आम्ही आहोत की नाही, तेवढे तरी कळवावे.

गोपीनाथभाऊ माघात गेले.

थांबवू का? माउसवर हात होता माझा.
दुलीचंद पडद्याकडे पाहत राहिले,
निळी पट्टी भरत होती हळूहळू,
सात, आठ.
"मरेपर्यंत हापिसाले शिव्या देत होते भाऊ.
अन् त्यायले तं चिट्टी भेटलीच नोयती."
अकरा.
"जाऊ दे."

नंतर टुणटुण सुरू झाली.
आपला मेल प्राप्त झाला आहे.
हे उत्तर संगणकाने आपोआप पाठवले आहे,
यास उत्तर देऊ नये.
एकोणीस वेळा.
"सगळ्यायचं आलं?"
सगळ्यांचं.
"शेवटच्याचं?"
त्याचंही, तेच.

प्रिंटर नव्हता. त्यांनी जावक वही काढली.
एकोणीस ओळींपुढे क्रमांक होते,
तारखा होत्या, गोपीनाथभाऊंच्या हातच्या, तिरप्या.
बराच वेळ पेन टोपणातच राहिलं.
मग शेवटच्या ओळीत, जुनी तारीख न खोडता,
तिच्या बाजूला आजची.

ठेक्याच्या नूतनीकरणाचा अर्ज, ज्यासाठी मला बोलावलं होतं,
तो पाठवायचाच राहिला होता.
विसावा म्हणून गेला.

शिंगूर पिशवीत जिवंत होता अजून,
अर्जुनीपर्यंत स्कूटीच्या हँडलला हिसके देत राहिला.