उभ्या भाताचा नियम

पावण्याच्या कारखान्यात मी खोके तपासतो.
तीन पदरी, पाच पदरी, सात पदरी.
अंगठ्यानं कड दाबली की कळतं
पुठ्ठ्यात किती दम आहे.
नापास झालेले कोपऱ्यात साचतात,
शनिवारी दोन-चार सायकलला बांधून आणतो
कोपरखैरण्यात, तळमजल्यावरच्या खोलीत.
वॉचमन विचारतो, घर बदलताय का?
म्हणतो, नाही, गाव बांधतोय.

जुना दरवाजा, दोन स्टुलं : हे रणांगण.
फ्रिजबरोबर आलेला थर्माकोल
तापल्या तारेनं कापला की टेकडी निघते
आणि घरभर पांढरे दाणे
जे केरसुणीला पाहून वर उडतात
ते खाली येतच नाहीत.
पहिल्या वर्षी घाईनं फेविबॉण्ड लावला;
अख्खा डोंगर डोळ्यांदेखत
फुसफुसत आत बसला.
तेव्हापासून पांढरा फेविकॉल, आणि रात्रभर थांबणं.

डब्यातल्या पोळीचा चंदेरी कागद चुरगाळून दाबला
की दगड उठतो.
त्यावर दात घासायचा ब्रश फिरवला की जुना दगड.
चहाचा वाळवलेला चोथा ही नांगरट,
अगरबत्तीच्या काड्यांचं कुंपण.
झाडांसाठी आंघोळीचा स्पंज मिक्सरात फिरवला,
हिरवा रंग घालून.
विभावरी काही बोलली नाही.
नवीन भांडं मात्र माझ्या रंगांच्या पैशांतून आलं.
घोडदळ सगळं लग्नपत्रिकांचं,
जाड, सोनेरी कडेचं;
एका स्वाराच्या पाठीवर अजून वाचता येतं
‘आपली उपस्थिती हाच आहेर’.

समोर खेळायला हिराजी मढवी,
घणसोली गावातला. विजेचे मीटर वाचत फिरतो,
त्यामुळे आकड्यांत फसत नाही.
इंचभर चालीसाठी पट्टी तीनदा लावतो,
फासा टेबलाखाली गेला तर पुन्हा टाकायला लावतो.
एका रविवारी म्हणाला,
यंदा जमीन मी करतो.

तीन आठवडे हात लावू दिला नाही.
मग वर्तमानपत्र उचललं.
टेकडी नाही. बुरूज नाही. सपाट.
चौकोनाला लागून चौकोन, करंगळीएवढे बांध,
झाडूच्या हिरांचा उभा भात,
पलीकडे मिठागरं :
फेविकॉलचे सात थर वाळवून केलेलं पाणी
आणि कडेनं मीठ. खरं, स्वयंपाकातलं.
आइस्क्रीमच्या काडीची उघाडी, वरखाली होणारी.
बोट दाखवत गेला,
हे आमचं, हे काकाचं,
इथं पावसात चिवण्या चढायच्या.
मी विचारलं, म्हणजे सेक्टर कुठला?
म्हणाला, सेक्टर नव्हते रे.

माझे बावीस स्वार दरवाजाच्या कडेला उभे.
नियम आमचेच, दोनशे पानी वहीत :
जंगलातून चाल अर्धी, चिखलातून पाव.
उभ्या भाताचा नियम नव्हता.
विचारलं.
हिराजी फासा मुठीत खुळखुळवत राहिला.
बांधावरून एकामागे एक, म्हणाला. भातातून नाही.
म्हणजे किती इंच?
नाही म्हणजे नाही.

मी वहीत लिहिलं तसंच.
माझे स्वार बांधावर ओळीनं निघाले
आणि त्यानं ते ओळीनंच टिपले,
एकेक, मोठ्यानं मोजत, खुशीत.
‘आपली उपस्थिती’ अठरावा पडला.
संध्याकाळी विभावरीनं चहा आणला
आणि कप कुठे ठेवावा ते तिला सुचेना.

पुढचा डाव मेच्या अखेरीस, हवा चिकट.
कापड काढलं तर बांध वाकलेले.
माझीच चूक, सांगायला हवं होतं,
पुठ्ठा एकाच बाजूनं रंगवला की वाकतो,
न दिसणाऱ्या बाजूलाही रंग लागतो.
आणि मिठागरांच्या कडेला
मिठाला पाणी सुटलेलं.
म्हटलं, काढून टाकू? पांढरा रंग देऊ, टिकेल.
हिराजीनं बोट टेकवलं,
जिभेवर ठेवलं,
आणि हात पुढे केला,
पट्टी दे.