वीज जाते तेव्हा

माग चालू असला की मी कुणाला ऐकू येत नाही.
धोट्याच्या खटाक् खटाकात
माझं हुप् विरून जातं.

वडगावात वीज गेली
की अख्खी गल्ली गप्प,
आणि माझा घसा एकटाच कामावर.

'कांडी' म्हणायचं असतं.
मान झटकते. हुप्. पुन्हा हुप्.
शब्द उंबऱ्यातच उभा, चपला हातात घेऊन.

मालक विचारतात, "एनु?"
शेजारच्या मागावरचा भरमा, "काय रं?"
हुप् दोघांच्याही भाषेत नाही.
बरंय, त्याच्यासाठी तरी
कुणी पाटीला काळं फासणार नाही.

शिवक्का विचारत नाही.
काळोखात चाचपत येते,
भरलेली कांडी तळहातावर ठेवून
रहाटाकडं परतते.

"कां…" म्हणतो मी तिच्या पाठीला.
"डी" येईतो वीज आलेली असते.